खिळा न ठोकलेल्या भिंती

परळीची एसटी अंबाजोगाईच्या स्टँडवर लागली आणि आम्ही दोघंच वर चढलो, आमचे हे आणि मी. लेक खाली राहिली. इतकी वर्षं कुठूनही निघालो तरी चढण्याचा आमचा एक क्रम ठरलेला असायचा. आधी पोरीला वर ढकलायचं, मग पिशव्या, मग मी, आणि सगळ्यात शेवटी हे, खाली काही राहिलं तर नाही ना ते पुन्हा पुन्हा बघून. सवयीनं यांनी त्या दिवशीही मागं वळून बघितलं. जी राहिली होती ती राहण्यासाठीच राहिली होती, तेव्हा येऊन माझ्या शेजारी बसले.

श्रावणी खिडकीखाली उभी होती. नुकतीच दहावी झालेली, माझ्यापेक्षा बोटभर उंच, ओढणीनं ऊन अडवत. "मम्मी, बॉटल सीधी ठेव, लीक होते ती," एवढंच म्हणाली. तिची मराठी अशीच आहे, छावण्याछावण्यांतून गोळा केलेली. बस हलली तेव्हा मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही समजत नव्हतं.

मी पहिल्यांदा निघाले तेव्हा अशीच खिडकीखाली माझी आई उभी होती, युसूफ वडगावच्या स्टँडवर. लग्नाला वर्ष झालं होतं, यांना फौजेत क्वार्टर मिळालं होतं आणि हे मला न्यायला आले होते. बाजाराचा दिवस होता. बसमध्ये मिरच्यांची पोती, कोंबड्या, माणसं, आणि त्या सगळ्यांत माझी नवी कोरी काळी पत्र्याची पेटी. केजच्या पेंटरकडून यांनी तिच्यावर पांढऱ्या रंगात आपलं नाव, नंबर आणि जायचं ठिकाण लिहून घेतलं होतं. मी हुंदके देत आईकडे बघत होते. आईनं डोळ्याला पदर लावला नाही. खालून मोठ्यानं म्हणाली, "माज्याकडं काय बगतीस? पेटीकडं बग. लोकं पाय देत्याल तिच्यावर."

मला तिचा भयंकर राग आला होता. पार बीडच्या पुढं जाईपर्यंत मी पेटीवर नजर ठेवून बसले आणि रडायचं राहून गेलं. ती काय करत होती ते कळायला मला स्वतःची लेक खिडकीखाली उभी असलेली बघावी लागली.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही मला दर सुट्टीत म्हणता, बरंय बाई तुझं, घर फुकट, कँटीनचं सामान, सगळा देश बघायला मिळतो. खरं आहे. राजस्थानात वाळूनं भरलेल्या भाकरी खाल्ल्या, आसामात कपाटातल्या चपलांना बुरशी आलेली बघितली. देश म्हणाल तर मी क्वार्टरच्या मागच्या दारातून पुष्कळ बघितला. पण प्रत्येक ठिकाणच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. माझ्याकडे एकच पडद्यांचा जोड आहे. कुठं त्याची शिवण उसवायची, कुठं पुन्हा घालायची. ते कापड आता शिवणीपाशी इतकं विरलंय की सुई धरत नाही, आणि खरं सांगते, मीही आता धरत नाही. मी थकले आहे. पेट्यांमागं फिरलेल्या माझ्या बायांनो, तुम्हाला हे सांगायची गरज नाही.

आमच्या जगात क्वार्टर सोडायच्या दिवशी एक माणूस येतो आणि पंख्यापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं तपासून ताब्यात घेतो. याला मार्च-आऊट म्हणतात. भिंतीत भोक दिसलं की त्याचं तोंड वाकडं होतं, आणि मग आपल्या घरच्या माणसाला त्याच्यापुढं ओशाळं व्हावं लागतं. म्हणून आम्ही बायका आदल्या दिवशी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन भिंतीतली भोकं बुजवत फिरतो. एकदा एका सरदारणीनं सुगंधी हिरवी पेस्ट वापरली आणि आख्ख्या लाइनीत हसू झालं. मी मात्र पहिल्या क्वार्टरनंतरच शहाणी झाले. ठरवून टाकलं, खिळाच ठोकायचा नाही.

त्याचा जाच श्रावणीला झाला. चित्रं काढायची तिला फार हौस. भिंतीवर लाव म्हणायची आणि मी म्हणायची, "नाही, भोक पडतं." चिकटपट्टी लावली तर रंगाचा पोपडा निघतो, म्हणून तीही नाही. शेवटी तिनं आपली युक्ती काढली. सगळी चित्रं पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली. घरी कुणी आलं की पेटी उघडून प्रदर्शन भरवायची. मला तेव्हा कौतुक वाटायचं. आता त्या झाकणाकडे बघितलं की वाटतं, या पोरीला आपण एक भिंतसुद्धा दिली नाही.

आमच्यात एक रीत मात्र फार चांगली आहे. नवं कुटुंब आलं की पहिला चहा शेजारच्या घरून येतो. तुमची भांडी अजून पेटीत असतात, गॅस जोडलेला नसतो, पोर रडत असतं, आणि दारात एक अनोळखी बाई ट्रे घेऊन उभी राहते. चहा देताना ती एक प्रश्न विचारतेच, "घर कहाँ है आपका?" मी म्हणायची, युसूफ वडगाव. तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. मग म्हणायची, केज. मग बीड. मग महाराष्ट्र. मग ती खुलून म्हणायची, "अच्छा, मुंबई के पास!" सुरुवातीला मी समजावून सांगायची. मग कंटाळा आला. मुंबई के पास तर मुंबई के पास.

हाच प्रश्न श्रावणीला शाळेशाळेत विचारला गेला. ती काय सांगत होती ते मी कधी विचारलं नाही. गावी सुट्टीत गेलो की तिथली पोरं तिला हिंदीवाली म्हणायची, आणि छावणीत ती मराठी पोरगी असायची. ती कुठल्याच ठिकाणी भांडली नाही. तिला भांडायची सवय लागावी इतके दिवस आम्ही कुठं राहिलोच नाही.

या उन्हाळ्यात यांची पोस्टिंग आली, पंजाबात, सरहद्दीजवळच्या छावणीत. बहुतेक ही शेवटचीच. आधीच्या छावणीतून निघून आम्ही मधल्या सुट्टीत युसूफ वडगावला आईकडे आलो होतो. पेट्या तिथंच पडवीत होत्या. हे ब्रश घेऊन जुन्या ठिकाणावर काळा हात मारत होते, त्यावर नवं नाव लिहिण्यासाठी. श्रावणी शेजारी बसून बघत होती. ती सहज म्हणाली, "पप्पा, माझ्या पेटीवर नवं ठिकाण नका लिहू. मी अंबाजोगाईला राहते. अकरावी-बारावी तिथंच करते."

माझ्या हातातली ज्वारीची परात तशीच राहिली. मी म्हणाले, "खुळी का काय? कुणाच्या भरवशावर राहणार?" ती म्हणाली, "मम्मी, मला पुन्हा न्यू गर्ल नाही व्हायचं." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी दोन शब्द जास्त बोलून गप्प करू शकले असते.

मग पाच-सहा दिवस घरात नुसती धुसफूस चालली. हे म्हणाले, "न्हाई म्हनायला आपल्याकडं काय हाय सांग. तिचं खरंच हाय." यांना सोपं होतं, यांनी अर्धं आयुष्य ड्युटीवर, आमच्यापासून लांब काढलंय. माझं तसं नव्हतं. या सगळ्या भटकंतीत माझ्याजवळ कायम राहिलेलं एकच माणूस होतं, ते ती. मैत्रिणी सुटल्या, कुंड्यांतली झाडं सुटली, आपली भाषा बोलणारं कुणी मिळालं तरी दोन वर्षांत सुटलं. ती तेवढी सोबत आली. आणि तीच आता येणार नव्हती. मी आईपाशी जाऊन रडले. आई तूर निवडत होती. म्हणाली, "तू गेलीस तवा म्या तुला धरून ठिवलं का?" मी म्हणाले, "माझी गोष्ट वेगळी, मी नांदायला गेले." आई म्हणाली, "जानारीला कारन कायबी असतंय गं. मागं ऱ्हानारीला समदं सारकंच."

शेवटी खोली बघायला म्हणून आम्ही अंबाजोगाईला गेलो. मी मनाशी ठरवूनच गेले होते की खोलीत खोट काढायची आणि पोरीला घेऊन यायचं. अंबाजोगाई म्हणजे तोवर माझ्या लेखी दवाखान्याचं गाव. घरात कुणी फार आजारी पडलं की तिकडं न्यायचं, एवढीच ओळख. कॉलेजापासून जवळ एका बागवानांचं घर होतं. खाली त्यांचा फळांचा धंदा, वर एक खोली, त्यात परळीकडची एक मुलगी आधीपासून राहत होती. घरमालकीण शमीमबी, साठीची, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. आम्हाला आधी बसवून मोसंबी सोलून दिली आणि मगच जिना दाखवला.

मी खोट काढायला लागले. खिडकी लहान आहे. जिना उभा आहे. पाणी वर चढतं का? शमीमबी शांतपणे सगळ्याला उत्तर देत होत्या. श्रावणी मात्र काही बघत नव्हती. ती आपली भिंतीपाशी उभी होती, तळहात टेकवून. मग वळून एकदम म्हणाली, "चाची, इथं खिळा ठोकला तर चालेल?"

शमीमबींना प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कावून विचारती ही?" मग तिला म्हणाल्या, "ठोक की बेटा. भिंत काय रडती का?"

श्रावणी हसली. खुदकन, लहानपणी पेटीचं झाकण उघडताना हसायची तशी. आणि मला माझी सगळी खोट गिळावी लागली. जिना उभा तो उभाच होता, खिडकीही काही मोठी झाली नाही, पण माझं भांडण संपलं. खालच्या दुकानातून शमीमबींनी हातोडी आणि खिळे मागवले. पोरगी पहिल्यांदाच खिळा ठोकत होती. पहिला वाकला, दुसरा तिच्या बोटावर बसला. तिसरा बसला भिंतीत. त्याला लावायला तिच्याजवळ काही नव्हतंच, तिनं आपली ओढणी लटकवली आणि लांब जाऊन बघत राहिली.

निघताना शमीमबींनी जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि माझ्या हातात ठेवली. मी म्हणाले, "मला कशाला? मी तर पंजाबला चालले." त्या म्हणाल्या, "आई हाय ना तू तिची? कवाबी ये. मी घरात नसले तर काय दारात बसशील?"

परळीहून रेल्वे धरून नव्या छावणीत आम्ही पोचलो तेव्हा लू चालू होती, अंग भाजणारा वारा. क्वार्टर तळमजल्यावरचं, दोन खोल्या, चुन्याचा वास. पेट्या भिंतीकडेनं लावल्या. गॅस नव्हता, पाणी दुपारनंतर येणार होतं. मी पडदे काढले, खिडकीला लावून बघितले, आणि आखूड पडले म्हणून तसेच घडी घालून ठेवले. शिवण उसवायची ताकद नव्हती. घरात इतकी शांतता होती की हे उगाचच पंख्याचं बटण चालू-बंद करत होते.

मग दार वाजलं. शेजारची बाई, केरळकडची, कपाळाला चंदन, हातात ट्रे. ट्रेमध्ये तीन कप होते आणि एका ताटलीत केळ्याचे वेफर्स. तिला कुणीतरी सांगितलं असणार, सुभेदारसाहेब, बायको, एक मुलगी. ती आत डोकावून म्हणाली, "बेटी सो गई क्या?" मी म्हणाले, ती नाही आली. तिनं पुढं काही विचारलं नाही. तिचंही कुणीतरी कुठंतरी राहिलेलं असणार, हे तिच्या न विचारण्यावरून मला कळलं. तिसरा कप तसाच ट्रेमध्ये निवत राहिला. त्याच्यावर साय धरली तेव्हा मला रडू आलं, आणि त्या बाईसमोरच मी रडले.

ती पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मग थोड्या वेळानं, रीतच ती, तिनं विचारलं, "घर कहाँ है आपका?"

माझ्या ओठांवर नेहमीचं नाव आलं होतं. युसूफ वडगावात आई आहे, माझं लहानपण आहे, ते कुठं जात नाही. पण तोंडून निघालं, "अंबाजोगाई." ती म्हणाली, "कहाँ है ये?" मी मुंबई के पास म्हणाले नाही. म्हणाले, "जहाँ मेरी बेटी रहती है." आणि तिला बागवानांचं घर, उभा जिना, खालच्या फळांचा वर येणारा वास, सगळं सांगत बसले. जिथं मी एक रात्रही काढलेली नाही त्या घराचं.

ती गेल्यावर यांना आतल्या खोलीच्या भिंतीत एक खिळा सापडला. आधीचं कुटुंब काढायचं विसरलं होतं. खाली होता, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. एखाद्या लहान मुलाला हात पोचावा म्हणून ठोकलेला. हे म्हणाले, "उद्या सांगतो, काढून नेत्याल. न्हाईतर मार्च-आऊटला आपल्या नावावर बसंल."

मी म्हणाले, "राहू द्या."

इतक्या क्वार्टरच्या किल्ल्या मी सांभाळल्या आणि मोजून परत दिल्या. ही एक कुणी परत मागणार नाही. पर्समधून ती काढली, खिळ्याला अडकवली, आणि मग पडदे घेऊन शिवण उसवायला बसले.