घर देऊन घेतलेली बरणी

एका पंथाने त्या जपानी बाईच्या आईला लुबाडलं. बाई इथे परदेशात, नावन गावच्या बाजारात कपबश्या विकते. तिच्या टेबलावरच्या साध्या बरणीला मी वीस युरो म्हणालो.

"विकायची नाही. पाप फिटेल म्हणून पंथाने आईच्या गळ्यात मारली. घर देऊन घेतली तिने."

तिने बरणी दोन्ही हातांनी हलकेच पुसली. जन्मभर घासाघीस केलेला मी थक्क झालो.

अशाच एका आईच्या मुलाने तिकडे जपानात, त्याच पंथाचा पाठीराखा समजून, बड्या पुढाऱ्याला गोळी घातली.

"मारणं चूकच," ती म्हणाली. "पण आधी मी पंथाची तक्रार नेली तेव्हा अधिकारी हसले. गोळीनंतर त्यांनीच बोलावून चहा दिला."

माझ्या आईचं शेत एका महाराजाने घेतलं. माझी तक्रार गावी तुमच्याच कचेरीत पडून आहे. साहेब, तुम्ही कशाची वाट पाहताय? उत्तर द्या.