धर्मशाळेची पायरी

आमच्या तिठ्यावर जुन्या इमारती तीनच: चावडी, जकात नाका आणि दगडी धर्मशाळा. रस्ता रुंद होणार म्हणून धर्मशाळेची पायरी हातभर मागे घ्यायची ठरली. विठोबा गवंडी पहार घेऊन आला तेव्हा मी तिथेच एसटीची वाट बघत होतो.

पायरी मधोमध झिजून खोलगट झाली होती. विठोबा म्हणाला, "उलटी बसवतो. खालची बाजू कोरी असणार."

समोर चहा विकणाऱ्या अंजनाबाईंना ते पटेना. "अरे, माझ्या सासूचे पाय लागलेत तिला."

"मावशी, पाणी साचतं. म्हातारी माणसं घसरतात."

आम्ही दोघांनी मिळून दगड उलटला. विठोबाने माती झाडली आणि तो उकिडवाच बसून राहिला. खालची बाजूही तितकीच झिजलेली होती.

म्हणजे पूर्वीही कुणीतरी ती उलटली होती. कुणी, कधी, अंजनाबाईंनाही ठाऊक नव्हतं. तिठ्यावर थांबणारे थोडे, जाणारे फार. पण जाणाऱ्यांनीही दगड झिजतो.

अंजनाबाईंनी त्या खळग्यात तळवा ठेवला.

"हीच बाजू वर राहू दे," त्या म्हणाल्या. "ह्या पावलांनाही जरा उजेड दिसू दे."

विठोबाने छिन्नी घेतली, पाणी निघून जायला कडेला बारीकशी खाच पाडली आणि पायरी तशीच बसवली.