मिशीवाल्या अम्माची साडी

निवृत्त झाल्यावर मी जुने शिलालेख शोधणाऱ्यांच्या टोळीत शिरलो. आमच्या भागातल्या दगडांची पाहणी करणारा हा एक संशोधन प्रकल्प. प्रमुख एक प्राध्यापक, सगळे त्यांना इथल्या उच्चाराने 'सार' म्हणतात. सारांकडे विद्वत्ता भरपूर, स्कॅनर महागडा, पण माणसांशी गोड बोलणं शून्य. ते काम माझ्याकडे आलं. आमचं मराठी घराणं इथे कन्नड मुलखात इतक्या पिढ्यांचं, की आमच्या स्वयंपाकघरातही 'स्वल्प मीठ घाल' असंच म्हणतात.

के. आर. पुरमला एका अपार्टमेंटच्या कंपाउंडला टेकून एक दगड उभा होता. सारांच्या मते तो वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, खाली कोरलेला लेख. समोरच राहणाऱ्या अक्कांच्या मते ती अम्मा, म्हणजे देवी. हळदकुंकवाचा आणि तेलाचा थर एवढा, की स्कॅनरला नुसता एक मोठा लाडू दिसला.

"धुवावा लागेल," सार म्हणाले.

"लावून बघा हात," अक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात नारळ होता आणि तो कशावर फोडायचा हे बहुधा अजून ठरलं नव्हतं.

मी कन्नडमध्ये विनवण्या केल्या. अक्का शेवटी वितळल्या. "सरी, ठीक आहे. अम्माला न्हाऊ घाला. पण नंतर नवी साडी पाहिजे."

प्रकल्पाच्या निधीत साडी बसेना. मग मीच चिकपेटच्या साडीबाजारात गेलो.

"कुणासाठी, अण्णा?" दुकानदाराने विचारलं.

"बाई काळी आहे, कमरेएवढी उंच आणि अंगाने भरलेली."

त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि हिरवी साडी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बसलो. थर गळत गेला तशी आधी तलवार दिसली, मग ढाल, मग अशी झुबकेदार मिशी, की सारांनी आनंदाने माझा खांदाच दाबला. मला मात्र अक्कांची धास्ती.

"अक्का, हा पुरुष आहे हो," मी हळूच म्हणालो.

त्यांनी वाकून पाहिलं. "मिशी माझ्या सासूलाही होती. तलवार तेवढी नव्हती, देवाची कृपा!"

सारांनी लेख वाचला. कुणी तरी गावकरी गावाच्या गाई पळवणाऱ्यांशी लढताना मेला. नाव झिजून गेलं होतं. लढाईची ओळ सारांनी सावकाश, दोनदा वाचली. एरवी ते बिल वाचल्यासारखे भराभर वाचतात.

"गाई परत आल्या का?" अक्कांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग लिहिलं कशाला?"

अक्कांनी वीराला साडी नेसवली, पदर मिशीवरून घेतला आणि आम्हा दोघांना गोड पोंगल, गुळातला डाळभात, वाढला.

आता त्या जागी शुक्रवारी येणाऱ्या बायकांना अक्का सगळी कथा सांगतात. अम्मा एकटी लढली आणि झाडून सगळ्या गाई परत आणल्या, वासरांसकट. मागच्या खेपेला सारांनी ते ऐकलं आणि पुराव्याबद्दल बोलायला तोंड उघडलं. मी अक्कांना त्यांच्या पानावर आणखी पोंगल वाढायला सांगितलं. त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला, आणि परतताना गाडीत मला म्हणाले, "वासरंही आली असतील. शक्यता आहे."