बावन्न अंगठे

गवताच्या वखारीत शांताराम सावेचा उजवा हात गासड्या बांधायच्या दाबाच्या फळीखाली धरला होता. दोघांनी त्याचे खांदे जखडले होते, तिसरा दांड्याशी उभा होता. धर्माजी ठेकेदार समोरच्या गासडीवर बसून तंबाखू मळत होता.

"कारकून, माझं नाव ह्याच हातानं लिहिलंस ना?"

"ह्याच."

"डावा म्हणाला असतास तर डावा घेतला असता." धर्माजीनं चिमूट गालात सारली आणि मान हलवली.

दांडा दीड फेरा फिरला. चार बोटं गेली. अंगठा फळीबाहेर होता, तेवढा वाचला.

शांताराम उमरोळीजवळच्या खांबपाड्याच्या ग्रामपंचायतीत कारकून होता. वय बेचाळीस. बापाची केळीची वाडी होती, ती त्यानं धाकट्या भावावर सोपवलेली. ह्याचा जीव कागदांत. फॉर्मातला एकही रकाना तो रिकामा सोडत नसे. जन्माची नोंद करताना आईचं गाव कळलं नाही, तर उन्हातून दोन मैल चालत जाऊन विचारून येई. विजया, त्याची बायको, म्हणायची, "देव वर द्यायला आला तर त्याच्याकडूनसुद्धा तुम्ही आधी तीन प्रती मागाल."

गावामागे विमानाचा माळ होता. युद्धाच्या वर्षांत लष्करानं तिथं खडी दाबून धावपट्टी केली होती. विशीतल्या शांतारामनं त्या खडीच्या पाट्या वाहिल्या होत्या. युद्ध संपलं, लष्कर गेलं, खडीतून गवत वर आलं. पासष्ट साली, तारापूरला वीजकेंद्राचं काम चालू असताना, ग्रामपंचायतीत एक पत्र आलं. जुन्या धावपट्ट्या दुरुस्त करायला सरकार अनुदान देणार होतं. अर्ज मागवले होते.

शांतारामनं ते पत्र पाड्यावर नेऊन वाचून दाखवलं. दिवाळी झाली की पाड्यावरची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर निघून जायची. सुका तुंबड्याची मुलगी भट्टीवरच तापानं मेली होती. सुका उकिडवा बसून ऐकत होता.

"म्हंजी माती आमी इथंच वाहायची?"

"इथंच. दोन वर्षं. आणि रोज संध्याकाळी घरी."

"मंग इमान उतरो, नायतर वरच्या वर जावो," सुका म्हणाला. बायका पदराआड हसल्या. "आंगठा कुठं करू, भाऊ?"

अर्जाला मजुरांची यादी जोडायची होती. बावन्न घरांचे बावन्न अंगठे झाले. पहिला सुकाचा.

अर्जात एक रकाना होता, जागेच्या सध्याच्या वापराचा. दुसरा कुणी 'पडीक' लिहून मोकळा झाला असता. शांतारामनं लिहिलं, 'दरवर्षी सुमारे चारशे गासड्या गवत निघते. धर्माजी ठेकेदार नेतात. लिलावाची नोंद नाही.' त्याला कुणाची चहाडी करायची नव्हती. रकाना होता, त्यानं भरला.

महिन्याभरात सरकारी माणूस आला आणि माळावरचं उभं गवत जप्त करून गेला. चौथ्या दिवशी धर्माजीच्या माणसांनी शांतारामला रस्त्यातून उचलून वखारीत नेलं.

त्याच आठवड्यात कचेरीतून यादी परत आली. मजूर खरे आहेत याची खात्री नाही, तीस तारखेला सर्वांनी यादीसह पालघरला समक्ष हजर राहावे, अन्यथा अर्ज रद्द.

सुका कोयता घेऊन शांतारामच्या ओटीवर आला.

"भाऊ, एक शब्द बोल. धर्माजी उद्याचा दिस बघणार नाय."

"त्याला मारलंस तर माळावर पोलीस बसतील. काम गेलंच म्हणून समज."

"आन तुजी बोटं?"

"बोटं यादीत नाहीत," शांताराम म्हणाला. "तीस तारखेला चल. कोयता घरी ठेव. सगळ्यांना सांग."

सुकानं सगळ्यांना सांगितलं.

तीस तारखेला सकाळी बावन्न जण, शांताराम आणि विजया गाडीवाटेनं पालघरकडे निघाले. यादी कापडी पिशवीत, सुकाच्या गळ्यात. ओढ्यापाशी धर्माजीची आठ माणसं काठ्या घेऊन उभी होती.

"यादी दे आणि मागं फिर."

"माजी एकट्याची नाय ती," सुका म्हणाला. "बावन्न जणांची हाय. बावन्न जणांना इचार."

पहिली काठी कानावर बसली, दुसरी टाळूवर. सुका पिशवी पोटाखाली घेऊन पालथा पडला. ते पडलेल्या माणसावर मारत राहिले. पाठीवर, मानेवर, पुन्हा डोक्यावर. मग सुकाच्या भावानं, गोमानं, ओढ्यातला धोंडा उचलला आणि सगळे दगड घेऊन तुटून पडले. एका गड्याचा जबडा फुटला. दुसऱ्याचा गुडघा गोमानं धोंड्यानं ठेचला आणि तो ओरडायचा थांबला तरी ठेचत राहिला. शांतारामनं त्याला एका हातानं मागं ओढलं. उरलेले पळाले.

सुकाला घोंगडीच्या झोळीत घालून त्यांनी पालघर गाठलं. कचेरीसमोरच्या चिंचेखाली झोळी टेकवली, तेव्हा तो गेलेला होता.

कचेरीतल्या कारकुनानं यादी कोपऱ्याला धरून उचलली.

"रक्तानं नावं पुसलीत. दुसरी करा. पाचपर्यंत वेळ आहे."

विजयानं व्हरांड्यात बसून नावं पुन्हा लिहिली. एकेक जण आला, अंगठा करून गेला. एकावन्न झाले. अर्जदाराच्या सहीच्या जागी शांतारामनं आपला उरलेला अंगठा टेकवला. पहिल्या नावापुढचा रकाना रिकामा होता.

गोमानं शाईची गादी उचलली.

"चल. अजून ऊब हाय त्याच्या आंगठ्यात."

"मेलेल्या माणसाचा घेता येत नाही, गोमा."

"जिता होता तवा दिलाच होता ना तुला?" गोमाचा आवाज चढला नाही. "तू बोललास कोयता घरी ठेव. त्यानं ठेवला."

शांतारामनं विजयाकडे बघितलं. ती दौतीचं बूच लावत होती. ते तिला लागत नव्हतं.

तो चिंचेखाली गेला. घोंगडीतून सुकाचा हात काढला. अंगठ्यावरचं रक्त धोतराच्या सोग्यानं पुसलं, अंगठा गादीवर दाबला, मग कागदावर. ठसा स्वच्छ उठला.

पाचाला दहा कमी असताना कारकून दारात आला आणि यादीतली नावं पुकारू लागला.

"सुका तुंबडा."

व्हरांड्यात कुणी हललं नाही. कारकुनानं कागदावरून मान वर केली नव्हती.

"हजर," शांताराम म्हणाला.