मजीदचं सील तुटलं

दोह्यात बर्फ धरतो म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. बघू देत. ऑगस्टची दमट हवा, सदरा अंगाला चिकटलेला, आणि फ्रीझरच्या गाडीचं दार दिवसभर उघडझाप. बाहेरची वाफ दाराच्या रबराला लागते, तिथंच गोठते, आणि दार चौकटीला असं धरून बसतं की दोघांनी ओढलं तरी हलत नाही. त्या रबराला आम्ही वर्कशॉपात सील म्हणायचो. रोज ते कोरडं पुसायचं आणि ग्लिसरीनचा हात फिरवायचा, एवढंच काम. सगळे ड्रायव्हर करायचे.

मी पोपटराव, तिथला फिटर. मजीद त्या गाडीवरचा ड्रायव्हर, रत्नागिरीकडचा, माझ्याच खोलीत राहायचा. इतका मवाळ की कुणी पाय तुडवला तर हाच माफी मागेल. त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी रुकैया, तिचा भाऊ जहूर तिथंच, दोह्याच्या अल नस्र भागात कापडाच्या दुकानात. रजा मंजूर झाली होती, निकाहची तारीख धरली होती, आणि खोलीत दुसरा विषय नव्हता.

एक्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात मॅनेजरनं ग्लिसरीन बंद केलं. म्हणे, "वाळवंटात कसला बर्फ? हात मऊ करायला पाहिजे असेल तुम्हाला." आपल्याच देशाचा माणूस, पण खुर्ची मिळाली की अक्कल कुठं गहाण टाकतात देव जाणे. आम्ही सांगून सांगून थकलो.

व्हायचं तेच झालं. मजीद बंदरावरून फ्रोझन कोंबड्या घेऊन एका कॅम्पच्या किचनला गेला. माल भरला की वाटेत कुणी दार उघडलं तर कळावं म्हणून त्याला शिशाचं सील लावतात, ते किचनवाल्यानं स्वतःच्या हातानं तोडलं, रीतसर. पण दार उघडेना. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा अर्धं रबर चौकटीलाच चिकटून फाटलं. आता दार नीट बसणार नाही, माल टिकणार नाही, म्हणून किचनवाल्यानं घ्यायला नकार दिला. मजीदनं ऑफिसला फोन केला, "साब, सील टूट गया. माल लेते नहीं."

मॅनेजरला वाटलं, शिशाचं सील वाटेतच तुटलं. "रस्त्यात थांबला होतास?" मजीद म्हणाला, हो, पेट्रोलला. झालं. किचनवाल्याला विचारणं नाही, कोंबड्या मोजणं नाही, गाडी बघणं नाही. मजीद यार्डात आला तेव्हा पोलीस उभे होते. माझ्या डोळ्यांदेखत त्याला नेला, आणि माझं डोकं अजून तापतं ते आठवलं की.

दोन दिवसांनी माल मोजला. एक कोंबडी कमी नव्हती. पोलिसांनी सोडलं. मॅनेजर म्हणाला, "गैरसमज झाला. खलास."

कसलं खलास? जहूर संध्याकाळी खोलीवर आला. मी त्याला फाटलेलं रबर दाखवलं, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझा विश्वास आहे, पोपटभाऊ. पण गावात बातमी पोचली, दोह्यात चोरीत पकडला. तुमच्या साहेबानं माझ्या वडिलांना फोनवर दोन शब्द सांगितले तर बरं."

मी त्याच पावली मॅनेजरकडे गेलो. दोन शब्द, फोनवर. त्याला काही पदरचं घालायचं नव्हतं. "ड्रायव्हरांची लग्नं जुळवायला बसलोय का मी?" म्हणाला. असा राग आला की थोबाड फोडावं. पण माझाही पासपोर्ट त्याच्याच कपाटात होता.

नातं मोडल्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला. सकाळी ऑफिसात मॅनेजरच्या कानावर गेलं तर हसला.

"अरे, दुसरी मिळेल. यल्ला, चल, गाडी काढ."

मजीदनं गाडीची चावी त्याच्या टेबलावर ठेवली. "माझा पासपोर्ट द्या. मी घरी जातो."

"आता कशाला? लग्न तर मोडलं ना?"

"मोडलं," मजीद म्हणाला. "तरी त्यांच्या दारात उभं राहून मला सांगायचंय, मी चोरी केली नाय."