हाताला सापडेल अशी कळ

मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८२१, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. मी ओसरीवर चष्मा पुसत बसलो होतो. शेजारचे पंत टेंभी नाक्यावरून भाजी घेऊन परतले आणि पायरीवरूनच मोठ्याने म्हणाले, "मिस्त्री गेले हो. पहाटे." मी म्हणालो, "अस्सं." त्यानंतर मला जे वाटले त्यास शोक म्हणता येणार नाही. मला राग आला. तेरा वर्षे मी या माणसावर रागावलेला होतो, आणि तो राग ऐकून घेण्यास ते आता उरले नाहीत.

हयातीत मी त्यांना अरेतुरे केले. लिहिताना ते जमत नाही, म्हणून करीत नाही.

मिस्त्री टेंभी नाक्यावर घड्याळे आणि किल्ली दिल्यावर आपोआप वाजणाऱ्या पेट्या दुरुस्त करीत. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दुकान इतके अरुंद की गिऱ्हाईक आत शिरले म्हणजे मालकास उठता येत नसे. वस्तू घेऊन कोणीही गेले तरी मिस्त्रींचा पहिला शब्द ठरलेला असे : "हात दाखवा." वस्तू नंतर. तळहात उलटसुलट पाहत, बोटे दोरीने मोजीत, सांधे वळतात की नाही ते तपासीत. तरुण मंडळी मुद्दाम विचारीत, "मिस्त्री, लग्नाचा योग कधी आहे?" मान वर न करता ते सांगत, "हात धुवाल त्या दिवशी."

त्यांच्याइतका रागीट मनुष्य मी ठाण्यात दुसरा पाहिला नाही. मात्र त्यांचा राग गिऱ्हाइकावर क्वचित असे. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते आणि पाहण्याचा संभवही नव्हता, अशा विलायतेतील कारागिरांवर तो असे. पेटी उघडली की ते प्रथम ती सुरू करण्याची आणि थांबविण्याची कळ कोठे आहे ते पाहत, आणि बहुधा संतापत. "ज्यानं ही कळ इथं लावली त्यानं ही वस्तू विकली असेल, वापरली नसेल," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले याची गणती नाही.

कल्याणच्या एका वकिलांनी मोठ्या हौसेने अशी पेटी आणली होती. दर्शनी नक्षी मोडू नये म्हणून तिची कळ पाठीमागे बसविली होती. वकिलांनी पेटी भिंतीस टेकवून ठेवलेली. वाजवायची म्हणजे दोघांनी ती पुढे ओढावी, एकाने मागे हात घालावा, पुन्हा मागे ढकलावी. या ओढाताणीने ती अडखळू लागली तेव्हा मिस्त्रींना बोलावणे गेले. मी त्या दिवशी कामानिमित्त तेथेच होतो.

"वकीलसाहेब," मिस्त्री म्हणाले, "ही भिंतीला ऐकवायची आहे का?"

"शोभा म्हणून काही असते, मिस्त्री."

"शोभेला चित्र टांगा. ही वाजते."

एवढे बोलून त्यांनी पेटीचे तोंड भिंतीकडे फिरविले, आतील धूळ पुसली आणि निघाले. वकील संतापले. परंतु पुढे मी गेलो तेव्हा पेटी तशीच उलटी होती, आणि वाजत होती.

डोंबिवलीच्या एका भटजींचे गजराचे घड्याळ असेच. गजर बंद करण्याची खुंटी मागे, जवाच्या दाण्याएवढी. पहाटे ती सापडेना, म्हणून भटजी घड्याळच तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवीत. मिस्त्रींनी ते उघडले तर चाकांत तांदूळ. "भटजी, यालाही अक्षता टाकता?" भटजी काकुळतीस आले. "अरे, ते थांबतच नाही, मी काय करू?" यावर मिस्त्रींनी घड्याळ उचलले. दुकानात बसून त्यांनी त्या अज्ञात कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि घड्याळाच्या माथ्यावर पैशाएवढी रुंद पितळी टिकली बसवून दिली. झोपेत थापट मारली तरी गजर थांबे. हा प्रकार ऐकून मी हसलो होतो. मूर्खपणा दुसऱ्याच्या घरचा होता तोवर मला हसता येत होते.

आता माझ्या घरचे लिहितो.

आक्का माझी थोरली बहीण. आठव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी वैधव्य. आई गेल्यावर मला तिनेच वाढविले. पन्नाशीनंतर तिची दृष्टी हळूहळू अधू झाली आणि मग गेलीच. त्याच सुमारास एक साहेब विलायतेस परतताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात मी एक वाजती पेटी घेतली. शिसवी लाकडाची, हातभर लांब. किल्ली दिली म्हणजे आतील पितळी रूळ फिरे, त्यावरचे बारीक खिळे पोलादी फणीचे दात छेडीत आणि सहा विलायती गती, म्हणजे सुरावटी, वाजत. आमच्यापैकी कोणास त्या कळत नसत. आक्काने मात्र त्यांना नावे ठेविली होती. एक 'दळणाची', एक 'दूध उतू जाण्याची', एक 'दामूच्या रडण्याची'. दामू म्हणजे मी.

पेटीचे झाकण जड होते. एका हाताने ते तोलून धरावे आणि दुसरा हात आत खोल घालावा, तेव्हा किल्ली आणि कळ सापडे. म्हणून मी नियम केला होता : कचेरीतून आल्यावर, दिवेलागणीस, एकदा पेटी वाजेल. झाकण मी उघडीन. इतर कोणी हात लावू नये. आक्का दिवसभर घरी असे आणि पेटीही घरी असे, तरी तिने माझी वाट पाहावी यात मला काही वावगे दिसले नाही. तिने तक्रार केली नाही. तक्रार करणे तिला ठाऊक नव्हते आणि विचारणे मला.

एके दिवशी पेटी मंद चालू लागली. मिस्त्री आले. झाकण उघडून बराच वेळ पाहत राहिले.

"रावसाहेब, ही कोण लावतं?"

"मी."

"तुम्ही पीठ मळता?"

आत रुळावर जे काचेचे झाकण असते त्याच्या कडेला पिठाचे बोट उमटले होते. आक्का माजघराच्या दाराआड उभी होती. मिस्त्रींनी आवाज चढविला नाही. "आक्का, झाकण बोटांवर पडतं ना?"

आतून उत्तर आले, "कधीतरी."

तिच्या उजव्या हाताची दोन नखे काळी होती. ती मी रोज ताटावर वाढताना पाहत होतो. जात्याखाली सापडली असतील, असे मी धरून चाललो होतो.

मिस्त्री पेटी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत असता ते पुन्हा घरी आले, हे मला पत्नीने नंतर सांगितले. विधवेचा हात हातात घेऊन पाहणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी पाटावर पीठ पसरून घेतले, पाट दारात ठेवविला, आणि म्हणाले, "आक्का, पेटी समोर आहे असं समजा आणि हात टाका." आक्काने हात टाकला. पिठात पंजा उमटला. कोणते बोट प्रथम टेकले, किती अंतरावर टेकले, ते मिस्त्रींनी दोरीने मोजून नेले.

आठ दिवसांनी पेटी आली. उजव्या बाजूस, तळापासून चार बोटांवर, शिसवी फळीला दोन भोके पाडलेली होती. एकातून पितळेची सळई बाहेर आली होती आणि तिच्या टोकास मधोमध खोलगट अशी गोल गुंडी होती. बोट आपोआप तीत बसे. दाबली की पेटी सुरू. उचलली की चालू गत पुरी करून थांबे. दुसऱ्या भोकातून किल्लीचा दांडा बाहेर काढला होता. झाकण उघडण्याचे कामच उरले नव्हते.

"भोके पाडायला तुला कोणी सांगितले?" मी विचारले.

"नखांनी."

"वस्तू माझी आहे."

"वस्तू तुमची. हात आक्कांचा."

"काढ ते."

"मी लावलेलं मी काढत नाही," मिस्त्री म्हणाले. "स्क्रू फिरवायची पिळणी तुमच्याकडेही असेल."

पिळणी होती. रविवारी मी पेटी उघडली. सळई धरून ठेवणारा स्क्रू शोधीत असता मी भलताच स्क्रू सोडला. रुळाचा वेग आवरणारा एक लहानसा पंखा असतो, त्याचा तो स्क्रू होता. आक्काने नुकतीच किल्ली दिलेली असल्यामुळे कमान पुरती आवळलेली होती. पंखा निखळताच रूळ भरारा सुटला. दोन पळांत सारे आटोपले. फणीचे अकरा दात मोडून पेटीच्या तळाशी पडले. तो आवाज मी येथे वर्णन करणार नाही.

आक्का भिंत चाचपीत आली. "बंद पडली का रे, दामू?"

"हो."

ती तशीच भिंत धरून परत गेली.

मिस्त्रींना मी बोलाविले नाही, पत्नीने बोलाविले. त्यांनी मोडलेले दात तळहातावर घेतले आणि विचारले, "स्क्रू कोणी सोडला?"

"मी," आक्का दाराआडून म्हणाली.

"आक्का, याला डोळे लागतात." मग ते माझ्याकडे वळले. "रावसाहेब, हात दाखवा."

पिळणी निसटून माझ्या अंगठ्यास जखम झाली होती. मी हात पाठीमागे घेतला. त्यांनी पुन्हा मागितला नाही. ते म्हणाले, "दात मी बसवीन. कळ बाहेरच राहील. कबूल असेल तर पेटी उचलतो. नसेल तर बंबात घाला."

आक्का म्हणाली, "उचला." माझ्या देखत, माझ्या घरात, तिने कोणास केलेली ती पहिली आज्ञा.

काम चार महिने चालले. घड्याळाच्या जुन्या पोलादाचे तुकडे कानशीने घासून मिस्त्री एकेक दात करीत. परंतु कोणता दात कोणत्या सुराचा, हे त्यांना कळण्यास मार्ग नव्हता. त्या गती त्यांना पाठ नव्हत्या. मला नव्हत्या. ठाण्यात एकाच माणसाला होत्या. म्हणून ते दुपारी पेटी घेऊन आमच्या ओसरीवर येत.

एके दिवशी मी कचेरीतून लवकर निघालो. पायरीशी आलो तेव्हा आतून मिस्त्रींचा आवाज येत होता : "इथं वर जातं की खाली, आक्का?" आणि त्यानंतर आक्का गायली. शब्द नव्हते, नुसता सूर. ती 'दुधाची' गत होती. तिला ओवी म्हणतानादेखील मी मोठेपणी कधी ऐकले नव्हते. आवाज बारीक होता, पण कोठे चुकत नव्हता. "आता पुढचं," मिस्त्री म्हणाले. "थांबा, श्वास घेऊ द्या," ती म्हणाली, आणि हसली.

मी आत गेलो नाही. उलट पावली तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो आणि नेहमीच्या वेळी घरी आलो. त्या दोन तासांत मला जितका राग आला तितका पूर्वी कधी आला नव्हता. तो कोणावर होता, याचा निवाडा मी त्या दिवशी केला नाही. तो मिस्त्रींवर आहे असे ठरविणे सोयीचे होते. तेरा वर्षे ते तसेच ठरलेले राहिले.

पेटी पुन्हा लागली. नव्या दातांचे सूर किंचित बोथट येतात, पण येतात. तेव्हापासून आक्का रोज दुपारी, कामे आटोपल्यावर, कोणास न विचारता गुंडी दाबते. मी मिस्त्रींचे आभार मानले नाहीत. दुकानावरून जाताना मान वळवीत नसे. एकदाच त्यांनी हाक मारली.

"रावसाहेब, पेटी वाजते?"

"वाजते."

"कळ अडकते?"

"नाही."

तेरा वर्षांत आमचे बोलणे एवढेच.

आज मी स्मशानात गेलो. परजातीच्या माणसाने जेथे उभे राहण्याची रीत आहे तेथे, लांब, उभा राहिलो. घड्याळवाले, फिटर, गाडीवाले असे पुष्कळ लोक होते. ते डोंबिवलीचे भटजीही होते, आता पुष्कळ वाकलेले. ते मला म्हणाले, "माणूस तोंडाचा फटकळ हो, पण घड्याळ अजून चालतंय." मी म्हणालो, "होय." याहून अधिक बोललो असतो तर आवाज बिघडला असता, आणि तसे चारचौघांत करण्याची मला सवय नाही.

घरी येऊन स्नान केले. आक्काला सांगण्यास गेलो तर ती म्हणाली, "मला सकाळीच कळलं. पंत ओरडून बोलतात." मग थोड्या वेळाने, "तू गेलास ते बरं केलंस, दामू." मला तेही सहन होईना. मी तिला म्हणालो, "तेव्हा पेटी मीच मोडली." ती म्हणाली, "म्हणजे काय? मी घरातच होते."

ती उठून मोरीकडे गेली. मी ओसरीवरून पाहत होतो. मोरीचे उघडे दार ओढून लावण्यासाठी तिने आतील कडीकडे हात उचलला. टाचा उचलल्या. बोटे दोनदा लाकडावर आपटली, तिसऱ्यांदा कडी सापडली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. घर बांधले तेव्हा ती कडी माझ्या डोक्याशी येईल अशी मीच सुताराकडून बसवून घेतली होती, त्यास बावीस वर्षे झाली. या दारातून मी दिवसातून चार वेळा जातो.

ती बाहेर आली तेव्हा मी तिला दारापाशी थांबविले. "आक्का, हात उचलू नकोस. नुसता पुढे कर. जिथे टेकेल तिथे ठेव."

"आज काय एकदम?" ती म्हणाली. पण तिने हात ठेवला. मी बोटांच्या वर कोळशाने रेघ ओढली.

जुने स्क्रू गंजले होते, निघण्यास वेळ लागला. कडी आणि तिचा कोयंडा हातभर खाली आणून बसविला. चौथा स्क्रू तिरपा गेला. तो काढला आणि पुन्हा सरळ बसविला.