मुखपृष्ठावरचे आप्पा

मी माझ्या वडिलांवर पुस्तक लिहिलं आणि मुखपृष्ठावर भलत्याच माणसाला छापलं.

आप्पांचा एकुलता एक फोटो हट्टा या आमच्या गावी थोरल्या भावाकडे, आणि दादाशी माझं बोलणं बांधाच्या भांडणापासून बंद. बायको म्हणाली, "भावजींना फोन करा की. एक फोटोच तर मागायचा हाय."

"मेलो तरी मागणार न्हाई!" (निवृत्त मास्तरांकडे पेन्शन आणि हट्ट एवढंच उरतं.)

मग मी इंटरनेटवर शोधलं. मुंडासं बांधलेला, बाजेवर बसलेला, हातात बीडी धरलेला एक म्हातारा सापडला. हुबेहूब आप्पांची बसण्याची ढब! खाली परवान्याच्या अटी होत्या: कुणीही मोफत वापरा, छायाचित्रकाराचं नाव द्या, बदल केले तर तसं लिहा. मी 'मोफत'पर्यंत वाचलं. जन्मभर पोरांना 'प्रश्न पूर्ण वाचा' म्हणून छड्या मारल्या, त्याचा हा परिणाम! आप्पांना बीडीचा तिटकारा, म्हणून कॉम्प्युटरवर बीडी पुसून घेतली. चेहऱ्याखाली 'कै. आप्पा' टाकलं आणि पदरच्या पैशानं तीनशे प्रती छापल्या.

प्रती वाटून आठवडा झाला नाही तोच कै. आप्पा स्वतः आमच्या दारात उभे! वारंगा फाट्यावर बाजा विणणारे मुनीरचाचा, ओळख त्यांनीच करून दिली. काखेत माझं पुस्तक.

"मास्तर, हे मी हाय न्हं?"

"व्हय... बसा ना चाचा."

"बसतो. पन फाट्यावर लोकं मला बघून दचकून राहिलेत! काल तर एक जन हार घेऊन आला."

"फोटो फुकट वापरायची परवानगी व्हती, चाचा."

"परवानगी फोटो काढणाऱ्यानं देली असंल. थोबाड माझं हाय. मला कुनी इचारलं?"

मी चहा पुढं केला. चाचांनी चहा संपवला, मुखपृष्ठ पुन्हा निरखलं आणि खरं दुखणं काढलं, "मारलं ते मारलं, मास्तर. हातातली बीडी काहून काढून घेतली?"

त्याच आठवड्यात छायाचित्रकाराचाही ईमेल आला. नाव नाही, बदलाचा उल्लेख नाही, कृपया दुरुस्त करावे. एवढ्या सभ्य शब्दांत माझा इतका पाणउतारा कुणी केला नव्हता. उरलेल्या प्रतींची मुखपृष्ठं मी स्वतःच्या हातानं फाडली. बायको शेजारी बसून बघत होती. शेवटचं फाडून झाल्यावर तिनं हट्ट्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला धरला.

"बघितलं तुझं पुस्तक," दादा म्हणाला. "बापाच्या जागी परका मानूस बसवला, पर मला फोन न्हाई केला तू."

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, कारण तो खरं बोलत होता.

"फोटो देतो," तो म्हणाला. "पन खाली माझं नाव पाहिजे. अन् फोटो कापायचा न्हाई. जसा हाय तसा बराबर छापायचा."

मी या वेळी सगळ्या अटी शेवटपर्यंत ऐकल्या आणि कबूल केल्या. एसटीच्या पार्सलनं फोटो आला. दादा आला नाही. पाकीट उघडलं, तेव्हा 'कापायचा न्हाई'चा अर्थ कळला. आप्पा खुर्चीत बसलेले आणि त्यांच्या मांडीवर दीड वर्षाचा दादा! मी अजून जन्मायचा होतो.

तोच छापला. आत बारीक अक्षरांत दादाचं नावही टाकलं, पण बारीक अक्षरं कोण वाचतो? परवा शिरड शहापूरहून एका वाचकाचा फोन आला.

"मास्तर, आप्पांच्या मांडीवर तुमी लई गोड दिसून राहिलात!"

"व्हय," मी म्हणालो, "लहानपनी होतो तसा."

चाचांचा चेहरा सोडला, छायाचित्रकाराचं चित्र सोडलं. वडिलांची मांडी तेवढी अजून विनापरवाना वापरतोय.